फळीवरचा सॅमन दर वेळी का बिघडतो: फळी पेटते, मासा कच्चा, वर कडू चव

उन्हाळा लागला, सॅमनचा सीझन सुरू झाला की वॉशिंग्टन-ओरेगनकडच्या आपल्या लोकांचं तेच गाऱ्हाणं सुरू होतं. सीडर नावाच्या सुवासिक लाकडाची फळी, जिच्यावर ठेवून मासा ग्रिल करतात, ती पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तासभर भिजवली, सॅमनला मसाला चोळला, ग्रिलवर ठेवला आणि दहा मिनिटांत फळीच्या कडांनी पेट घेतला, पाणी मारलं तर राख उडून माशावर, आणि एवढा तमाशा होऊन मासा मधे कच्चटच. मग कोणी सांगतं दोन तास भिजवा, कोणी म्हणतं रात्रभर, कोणी म्हणतं वाइनमध्ये भिजवा. पुढच्या वेळी रात्रभर भिजवलेली फळी पण पेटतेच, फक्त थोडी उशिरा.

तर आधीच सांगून टाकतो, भिजवण्यात तुमचं काही चुकत नाहीये. गडबड ही आहे की आपण फळीला तवा समजतो. तव्याचं कसं, खालून आच दिली की तो तापतो आणि तो मासा शिजवतो, कच्चा वाटला तर आच वाढवायची, पलटायचा, झालं. आयुष्यभर सुरमईच्या तुकड्या तशाच भाजल्यात त्यामुळे हात आपोआप नॉबकडे जातो. पण लाकूड उष्णता पुढे जाऊच देत नाही, म्हणून तर तव्या-कढईला लाकडी मूठ लावतात. खालून कितीही आच दिली तरी ती फळीच्या पोटाशीच अडकते, खालची बाजू कोळसा होते आणि वर मासा गारच्या गार. फळीवरचा मासा शिजतो तो झाकणाखालच्या गरम हवेने, वरून आणि बाजूंनी, भट्टीत शिजावा तसा. फळीचं काम दोनच, माशाला थेट जाळापासून वाचवायचं आणि वास द्यायचा. खाली जेवढ्या तक्रारी घेतल्यात त्यातल्या बहुतेक इथूनच निघतात.

भिजवल्याने नेमकं काय होतं ते बघू. लाकडात पाणी शिरतं ते मुख्यतः टोकांकडून, जिथे रेषा आडव्या कापल्या गेल्यात तिथून. सपाट बाजूने फार हळू जातं. तासाभरात वरचा पातळ थर ओला होतो, आतलं लाकूड जवळपास कोरडंच राहतं. त्या थरात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० सेल्सिअसच्या आसपास अडकून राहतं, पाणी उडालं की चढायला लागतं, आणि अडीचशे-तीनशेच्या घरात गेलं की लाकडातून पेटणारे वायू निघतात आणि जरा ज्योत लागली की भडका. म्हणजे भिजवणं ही थोडी उसंत आहे, विमा नाही. एक ते दोन तास पुरे, फळी तरंगते म्हणून वर डाळीचा डबा नाहीतर बत्ता ठेवून पूर्ण बुडवा. वाइन, बियर, सफरचंदाचा रस वगैरेने चवीत फरक पडतो असं मला कधी जाणवलं नाही, ती बाटली प्यायला ठेवा.

आता ग्रिलची मांडणी, कारण खरा उपाय इथे आहे. गॅस ग्रिलला तीन बर्नर असतील तर दोन मध्यम आचेवर, तिसरा बंद. दोनच असतील तर एक चालू एक बंद. कोळशाचं केटल ग्रिल असेल तर सगळे निखारे एका बाजूला सारा, दुसरी बाजू रिकामी, आणि झाकणाचं भोक माशाच्या डोक्यावर येईल असं फिरवा म्हणजे गरम हवा आणि धूर माशावरून जातो. झाकण लावून ग्रिल तापू द्या, झाकणावरचा काटा ३७५ ते ४०० फॅरनहाइट, म्हणजे १९० ते २०५ सेल्सिअस दाखवेपर्यंत. हा काटा झाकणाजवळची हवा मोजतो, जाळीवरचं तापमान नाही. वर ४०० दिसतंय म्हणजे पेटत्या बर्नरच्या बरोब्बर वर पण ४०० च असेल असं नाही, तिथे कितीतरी जास्त असतं. फळी तिथे वीस मिनिटं ठेवली तर पेटणारच, रात्रभर नाही आठवडाभर भिजवली तरी.

आधी फक्त फळी, माशाशिवाय, चालू बर्नरवर तीन-चार मिनिटं. ही पायरी लोक खाऊन टाकतात आणि मग म्हणतात वास आला नाही. टोकांच्या रेषांतून बारीक पाण्याचे बुडबुडे येतात, मग चटचट आवाज सुरू होतो, कडा तपकिरी होतात आणि पातळ निळसर धूर सुटतो. पेन्सिल सोलताना येतो तो वास येतो, पेन्सिली बऱ्याचदा अशाच लाकडाच्या असतात. हा वास आला की चिमट्याने फळी उलटी करा, भाजलेली बाजू वर, आणि उचलून बंद बर्नरच्या बाजूला सरकवा. मासा त्या भाजलेल्या बाजूवर ठेवायचा, कातडं खाली. झाकण बंद. उघडायचं नाही.

उघडायचं नाही हे दोनदा लिहायला हवं. आपल्याला दर दोन मिनिटांनी बघायची खोड असते, आणि इथे त्याने दुहेरी नुकसान होतं. गरम हवा निघून जाते, म्हणजे मासा शिजवणारी गोष्टच निघून जाते, आणि वर ताजी हवा आत येते, जी धुमसणाऱ्या फळीला नेमकी हवी असते. कच्चा मासा आणि पेटलेली फळी एकाच वेळी कशी काय, असं लोक विचारतात, बहुतेक वेळा उत्तर हेच. साधारण इंचभर जाड तुकड्याला १५ ते २० मिनिटं लागतात, पहिल्यांदा बघायचं ते बाराव्या मिनिटाला, तेही थर्मामीटर हातात घेऊन.

तरी कडा पेटल्याच तर? स्प्रे बाटलीत पाणी ठेवा आणि फक्त लाकडाच्या कडेवर, खालच्या अंगाने फवारा मारा, तांब्याने ओतू नका, राख उडते ती तिथेच. आच कमी करा, झाकण लावा. पण नीट बघा जाळ कुठला आहे. फळीचा आहे की खाली गळलेल्या चरबीचा. सॅमनची चरबी फळीवरून ओघळून बर्नरवर पडली किंवा ग्रिलच्या तळाशी मागच्या वेळचं तेलकट साचलेलं असलं तर जाळ तिथला असतो, आणि पेटलेल्या चरबीवर पाणी मारायचं नसतं, ती उडते. तिथे गॅस बंद, झाकण बंद, कोळशाचं असेल तर खालची-वरची भोकं बंद, आणि विझेपर्यंत दूर. ग्रिलचा तळ सीझनला एकदा तरी खरवडून घ्या, अर्धे भडके तिथूनच येतात. आणि मासा फळीच्या बाहेर लोंबत असेल तर तो कापून लहान करा किंवा दुसरी फळी घ्या. उलट लहानसा तुकडा भल्यामोठ्या फळीवर ठेवला तर चारी बाजूंनी उघडं लाकूड राहतं, ते आधी जळतं. माशाभोवती बोटभर फळी दिसेल इतपत माप बरोबर.

फळीच्या जाडीचं पण आहे. स्वस्तातल्या पाकिटातल्या फळ्या पाव इंचाच्या असतात, त्यात चूक करायला जागाच नसते. अर्धा-पाऊण इंचाची मिळाली तर ती घ्या, दोन-तीनदा वापरता येते त्यामुळे महाग पण पडत नाही. पातळ फळी होडीसारखी वाकडी पण होते, कारण एक बाजू वाळून आखडते आणि दुसरी ओलीच, मग मासा घसरतो. दोन्ही बाजू आधी भाजून घेतल्या की वाकणं बरंच कमी होतं.

आता कच्चट राहण्याबद्दल, कारण सगळा दोष ग्रिलचा नसतो. सॅमन म्हणजे एकच मासा नाही. सुपरमार्केटमधला अटलांटिक सॅमन जवळपास सगळा मत्स्यशेतीतला, म्हणजे पाळलेला, चरबी भरपूर, पाच मिनिटं जास्त झाली तरी सांभाळून घेतो. सॉकाय जंगली, गडद लाल, पातळ, चरबी कमी, त्याला १२ ते १५ मिनिटांत उतरवलं नाही तर भुसा. किंग म्हणजे चिनूक जाडजूड आणि तुपकट, त्याला पंचवीस मिनिटं पण लागतात. मे महिन्यात अलास्कातल्या कॉपर रिव्हर नदीचा मासा येतो तेव्हा लोक हौसेने महागाचा सॉकाय घेतात आणि अटलांटिकच्या हिशोबाने भाजतात, मग म्हणतात कोरडा झाला. घड्याळ सोडा, थर्मामीटर घ्या, पंधरा-वीस डॉलरचा पण चालतो, सगळ्यात जाड भागात आडवा खुपसा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा १४५ फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअस. बरेच जण जंगली सॅमन १२० ते १२५ लाच उतरवतात, रसाळ राहतो हे खरं, पण जंगली माशात परजीवी असू शकतात, तेव्हा असं करायचं तर व्यावसायिक पद्धतीने नीट गोठवलेला मासाच घ्या, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर सरळ १४५. उतरवल्यावर तापमान अजून पाचेक अंश चढतं, त्यामुळे १४० ला काढलं आणि पाच मिनिटं थांबून परत मोजलं तरी आकडा गाठला जातो. शेपटीकडचा पातळ भाग आधी होतो, तो खाली दुमडून घ्या नाहीतर वेगळा कापून नंतर ठेवा.

पांढरं पांढरं चिकट काहीतरी बाहेर येतं, मासा खराब आहे का असं पण फार विचारतात. खराब नाही. ते अल्ब्युमिन, माशातलं प्रथिन, मांस आकसलं की पिळून बाहेर येतं आणि गोठतं. जेवढी आच जास्त आणि मासा जास्त शिजलेला तेवढं ते जास्त. एक लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ विरघळवून मासा १०-१५ मिनिटं बुडवून काढला आणि पुसून कोरडा केला तर बरंच कमी होतं. आपण मासा आणला की मीठ-हळद लावून ठेवतोच, त्यानेही थोडं काम होतं, फक्त सुटलेलं पाणी टिपून घ्यायला विसरू नका, ओल्या माशावर धूर नीट बसत नाही.

कडूपणा. यात दोन प्रकार आहेत, चव घेऊन ओळखता येतात. जिभेला मागून डांबरट कडू लागतं तो धुराचा कडूपणा, म्हणजे फळी धुमसण्याऐवजी ज्योतीने जळत होती आणि काजळी माशावर बसली. पातळ निळसर धूर चांगला, दाट पिवळट किंवा काळा धूर वाईट, तो दिसला की आच कमी. दुसरा प्रकार म्हणजे वरवर करपट कडू, तो मसाल्याचा. लसूण, गूळ, मध, मेपल सिरप हे सगळं लवकर करपतं, त्यामुळे गोड काही लावायचं तर शेवटच्या पाच मिनिटांत. आलं-लसणाचं वाटण जाड थापू नका, पातळ चोळा आणि जास्तीचं पुसून टाका.

आणि रवा नको. हे कळकळीने सांगतोय, कारण तांदळाचं पीठ-रवा लावून फळीवर ठेवणारे दर वर्षी भेटतात. रव्याला कुरकुरीत व्हायला तेल आणि खालून कडक आच लागते, फळीवर दोन्ही नाही, त्यामुळे तो वाफेत भिजून लगदा होतो. कुरकुरीतच हवंय तर बिडाचा तवा काढा, फळीच्या नादी लागू नका. कोकमाचं आगळ मात्र या माशाला काय सुंदर जातं, चरबीला आंबटपणा बरोबर तोडतो, पण दहा-पंधरा मिनिटंच, जास्त ठेवलं तर वरचं मांस पांढरट खडूसारखं होतं. आगळ, हळद, तिखट, मीठ, थोडंसं तेल, बास. तिखट ब्याडगीचं घ्या, रंग येतो आणि सीडरचा वास मारला जात नाही. गरम मसाला घातलात तर फळीवर पैसे कशाला घातले हा प्रश्न स्वतःला विचारा.

काहींची उलटी तक्रार, वासच येत नाही. फळी आधी भाजली नाही, किंवा आच इतकी कमी की लाकूड नुसतं वाफाळत राहिलं, किंवा ओव्हनमध्ये केलं. ओव्हनमध्ये धूर जवळपास नसतोच, तापलेल्या लाकडाचा सुगंध तेवढा येतो, त्यावर समाधान मानायचं. अपार्टमेंटवाल्यांना तसाही इलाज नसतो, बऱ्याच ठिकाणी फायर कोडनुसार लाकडी बाल्कनीत किंवा भिंतीपासून दहा फुटांच्या आत कोळशाचं किंवा गॅसचं ग्रिल चालत नाही, तेव्हा आधी बिल्डिंगचा नियम वाचा. ओव्हन ४०० फॅरनहाइटवर, भिजवलेली फळी ट्रेमध्ये ठेवून दहा मिनिटं आधी तापवायची, मग मासा. ट्रे हवाच, चरबी तळाशी गळली तर स्मोक अलार्म वाजून शेजारी गोळा होतील. ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनची वरून थेट पडणारी आच, लावू नका.

लाकूड कुठलं हा प्रश्न चवीपेक्षा तब्येतीचा आहे. हार्डवेअरच्या दुकानातली सीडरची फळी आणि खाण्यासाठी विकतात ती फळी, दिसायला सारख्याच, पहिली फार स्वस्त, मोह होतो. पण बांधकामाच्या लाकडाला काय लावलंय याचा भरवसा नसतो. कुंपणाच्या, डेकच्या जुन्या फळ्या तर मुळीच नकोत, अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकवालं रसायन २००३ च्या अखेरीपर्यंत चालू होतं आणि तेव्हाचे डेक अजून उभे आहेत. माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, म्हणजे पॅलेटवर, एचटी किंवा एमबी असा शिक्का असतो, एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी तर नाहीच, आणि एचटी असलं तरी त्या पॅलेटवर प्रवासात काय सांडलं ते कोण सांगणार. चीड-पाइन नको, राळेमुळे काजळी धरते. भारतातून विचारणाऱ्यांना, देवदार म्हणजे सीडरच ना मग आपल्या वखारीतून आणू का, तर नको. इकडचा वेस्टर्न रेड सीडर वेगळंच झाड आहे, आणि देवदाराचं तेल किडे पळवायला वापरतात. सीडरचा वास पापलेटसारख्या नाजूक माशाला जड पण होतो, त्याला आल्डर नावाच्या झाडाची किंवा मेपलची फळी बरी. बांगडा मात्र चरबीदार, तो सीडर पेलतो, फक्त चिरा मारून ठेवा.

इकडच्या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांची सॅमन भाजायची पद्धत बघितली की हे सगळं पटकन कळतं. मासा उघडून सीडरच्या काठ्यांमध्ये अडकवायचा आणि काठ्या आल्डरच्या आगीभोवती तिरक्या रोवायच्या. आग मधे, मासा कडेला, धग बाजूने. सिएटलसमोरच्या ब्लेक आयलंडवर टिलिकम व्हिलेजमध्ये १९६२ पासून कित्येक वर्षं लोकांना असाच सॅमन करून वाढायचे. लाकूड आहे, आग आहे, तरी काठी पेटत नाही, कारण ती ज्वाळेत ठेवलेलीच नाही.

चिकटण्याची तक्रार करणाऱ्यांना एवढंच, कातडं फळीला चिकटू द्या. पातळ उलथनं कातडं आणि मांस यांच्या मधून सरकवा, मांस अलगद सुटतं आणि कातडं फळीवरच राहतं, तसंही ते फळीवर कुरकुरीत होत नाही, मऊ चामडं होतं. बिनकातडीचा तुकडा असेल तर माशाच्या खालच्या बाजूला तेलाचा हात फिरवा. पलटायचा मात्र कधीच नाही.

झाल्यावर फळी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कडेच्या आत ठिणगी धुमसत राहते आणि तासाभराने डबा पेटतो. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी काढा. खालची बाजू निम्म्यापेक्षा कमी जळली असेल तर गरम पाण्याने ब्रशने घासा, साबण लावू नका, लाकूड तो पितं आणि पुढच्या माशाला देतं. उभी करून पूर्ण वाळवा, ओलसर ठेवली तर बुरशी धरते. अगदीच कोळपली असेल तर माशाची बाजू तासून टाका आणि उरलेल्या फळीच्या ढलप्या करून पुढच्या वेळी कोळशावर टाका, धुराला उपयोगी पडतात.